चवीचे पाणी प्यावे काय?

पाण्यात फळाचा अर्क, एखादे सुगंधी द्रव्य, किंचित आंबटपणा किंवा गोडी मिसळून ते बाटलीत भरून विकण्याचा व्यवसाय गेल्या काही वर्षांत इतका फैलावला आहे, की बोईसर स्थानकाच्या पूर्वेस बेटेगावच्या बाजूला उभ्या राहिलेल्या नव्या वसाहतींतील किराणा दुकानांत काय, किंवा तारापूरच्या औद्योगिक क्षेत्रातील कारखान्यांच्या फाटकांसमोरील टपऱ्यांवर काय, साध्या पाण्याच्या बाटलीला लागूनच ‘फ्लेवर्ड वॉटर’ या नावाची ही बाटली दिसू लागली आहे. गोड सरबते आणि सोड्याची पेये प्रकृतीला बरी नव्हेत हे आता पुष्कळांना पटलेले असल्यामुळे, ‘हे तर पाणीच आहे’ अशा समजुतीने ती निःशंक मनाने घेतली जाते, आणि मुलांच्या हातीही तितक्याच निःशंकपणे दिली जाते. ही समजूत कितपत रास्त आहे, याची शहानिशा करणे आवश्यक आहे. कारण तहान ही मनुष्याची रोजची गरज असून, रोज जे पोटात जाते त्याचा हिशेब वर्षाकाठी फार मोठा होतो.

पाण्याला सुवास देण्याची रीत आपल्याकडे मुळीच नवी नाही. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी सोडणे, मोगऱ्याची चार फुले रात्रभर पाण्यावर तरंगत ठेवणे, सब्जाचे बी भिजवून घेणे, उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे प्रथम गूळपाणी ठेवणे, हे सारे आपल्या आजी-पणजीच्या संसारातले नित्याचे प्रकार होते. पालघरच्या किनारपट्टीत या सुवासाला एक विशेष प्रयोजनही होते, ते असे, की माठातील पाणी बाष्पीभवनाने थंड होते आणि समुद्राकाठच्या दमट हवेत ते बाष्पीभवन मंद चालते. म्हणून विदर्भातल्या माठाचे पाणी वैशाखात जितके गार लागते तितके केळवे-माहीमकडच्या माठाचे लागत नाही, आणि गारव्याची ती उणीव वाळ्याचा वास काही अंशी भरून काढतो. माठातल्या त्या पाण्यात साखर नव्हती, आम्ल नव्हते, टिकाऊपणासाठी घातलेले रसायन नव्हते. होता तो केवळ वास. आजच्या बाटलीतील पाणी आणि हे पाणी यांची गणना एकाच वर्गात करणे म्हणूनच चुकीचे आहे.

परंतु बाटलीच्या तपशिलाकडे वळण्यापूर्वी या भागातील वाचकाने मूळ पाण्याचा विचार केला पाहिजे, आणि तो मी मुद्दाम आधी मांडतो, कारण इतरत्र तो गौण असेल, येथे नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांचे जे मूल्यमापन केले, त्यात तारापूरचा प्रदूषण निर्देशांक ९३.६९ इतका, म्हणजे देशात सर्वाधिक निघाला. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादापुढे केलेल्या अर्जामागेही येथील सांडपाण्याने खाड्यांची आणि किनाऱ्याची जी दशा केली तिचीच कैफियत होती. धामणी आणि कवडास येथील सूर्या प्रकल्पाच्या धरणांतले पाणी ज्यांच्या नळाला शुद्ध होऊन येते त्यांची स्थिती वेगळी, आणि ज्यांची भिस्त विहिरीवर, कूपनलिकेवर किंवा टँकरवर आहे त्यांची वेगळी. अशा कुटुंबाने पाण्याला विचित्र वास येतो, रंग बदलला आहे, जीभ कोरडी पडल्यासारखी वाटते असे आढळताच त्यात लिंबू पिळून किंवा फळाच्या फोडी टाकून ते पिण्याजोगे करून घेणे हा अत्यंत घातक उपाय होय. पाण्याची बेचव, त्याचा उग्रपणा, त्याचा दर्प ही आपल्या शरीराला मिळालेली पहिली ताकीद असते, आणि सुगंधी अर्काने ती ताकीदच दाबून टाकली जाते.

उलट, पाणी चवीला निर्मळ लागते म्हणून ते निर्दोष आहे, असाही दाखला मिळत नाही. नायट्रेट, फ्लोराइड, कित्येक धातू आणि रोगजंतू हे बेमालूम चवहीन असतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने जी मर्यादा ठरविली आहे, तीत सामू ६.५ ते ८.५ च्या दरम्यान, विरघळलेले एकूण क्षार शक्यतो लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत आणि नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या आत असावे असे म्हटले आहे. आणि ही तपासणी जिभेने होत नाही, प्रयोगशाळेत होते. ग्रामपंचायतीमार्फत पाण्याचे नमुने तपासणीस धाडण्याची व्यवस्था आहे. तिचा लाभ नागरिकांनी पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा अवश्य मागून घ्यावा. नळाच्या पाण्याला येणारा क्लोरीनचा वास मात्र भिण्याचे कारण नाही. तो जंतुनाशकाचा पुरावा आहे, आणि तो नकोसा वाटत असेल तर पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात जाळी झाकून काही तास ठेवले असता बहुतांशी निघून जातो. तेवढ्यासाठी बाटलीतले चवीचे पाणी विकत आणण्याची गरज नाही. लग्नसमारंभांत आणि कारखान्यांत २० लिटरच्या जारमधून येणारे थंड पाणी पुष्कळदा मोहोरबंद नसते. मोहोर नसेल आणि वर परवान्याचा क्रमांक नसेल, तर ते नुसते थंड आहे एवढेच समजावे. शुद्ध आहे असे धरून चालू नये.

आता बाटलीकडे. पुढच्या बाजूस संत्रे, पीच किंवा पुदिना यांची चित्रे, दवबिंदूंची नक्षी आणि आरोग्यसूचक विशेषणे असतात. त्या बाजूचे वाचन करू नये. बाटली फिरवून मागच्या बाजूचा बारीक मजकूर वाचावा, कारण कायद्याने विक्रेत्याला खरे बोलणे भाग पडते ते तेथेच. घटकद्रव्यांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. तेव्हा पाण्याच्या लगोलग दुसऱ्या क्रमांकावर साखर, फ्रुक्टोज, ग्लुकोज, द्रव ग्लुकोज, मध किंवा फळांच्या रसाचा आटीव अर्क यांपैकी काही असेल, तर ते पाणी नसून पातळ सरबत आहे असे बेलाशक समजावे. पोषणतक्त्यात एकूण साखर आणि वरून घातलेली साखर हे आकडे १०० मिलिलिटरच्या मापाने छापलेले असतात, आणि वाचकाची गफलत होते ती येथेच. कारण बाटली १०० मिलिलिटरची नसते. १०० मिलिलिटरला ८ ग्रॅम साखर हा आकडा किरकोळ वाटतो, पण अर्ध्या लिटरच्या बाटलीत तीच साखर ४० ग्रॅम, म्हणजे आठ ते दहा चमचे होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली अशी शिफारस केली, की वरून घेतलेल्या साखरेतून मिळणारी उष्मांकशक्ती दिवसाच्या एकूण शक्तीच्या दहा टक्क्यांच्या आत असावी आणि पाच टक्क्यांच्या आत राहिल्यास अधिक चांगले; दोन हजार कॅलरींच्या आहारात या मर्यादा अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅमच्या आसपास येतात. दिवसभरात चहाचे तीन-चार कप घेणाऱ्या गृहस्थाची ही मर्यादा बाटली उघडण्यापूर्वीच बरीच भरलेली असते, हे सांगण्याची गरज नाही. ‘शुगर फ्री’ हा दावा करण्यासाठी १०० मिलिलिटरमध्ये साखर अर्ध्या ग्रॅमहून अधिक असता कामा नये, आणि ‘लो शुगर’ म्हणविणाऱ्या पेयात अडीच ग्रॅमच्या वर नको, असा नियम आहे. हे दोन आकडे ध्यानात ठेवले तरी बाजारातील बऱ्याच बाटल्यांचा निकाल उभ्या उभ्या लावता येतो.

मग साखर नसलेले पाणी निर्धोक काय? येथे उत्तर जरा जपून दिले पाहिजे. यादीत ९५० म्हणजे एसेसल्फेम-के, ९५१ म्हणजे अस्पार्टेम, ९५५ म्हणजे सुक्रलोज आणि ९६० म्हणजे स्टीव्हियापासून काढलेले गोड द्रव्य, असे संकेतांक आढळल्यास त्या पेयात साखरेविना गोडी आणलेली आहे. जुलै २०२३ मध्ये कर्करोग-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अस्पार्टेमची नोंद ‘कदाचित कर्करोगकारक’ या वर्गात केली, तेव्हा पुष्कळ घबराट उडाली; परंतु त्याच वेळी अन्नातील मिश्रणांचा विचार करणाऱ्या तज्ज्ञसमितीने शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे दिवसाला ४० मिलिग्रॅम ही पूर्वीची मर्यादा कायम ठेवली, आणि क्वचित एखादी बाटली घेणारा मनुष्य त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. अधिक विचारार्ह शिफारस मला वाटते ती त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने केलेली, की वजन आटोक्यात ठेवण्याचे साधन म्हणून अशा गोड द्रव्यांचा उपयोग करू नये. ही शिफारस ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना लागू केलेली नाही, हे लक्षात घ्यावे. गोडी साखरेची असो वा दुसऱ्या द्रव्याची, जिभेला तिची सवय लागते; आणि सहा वर्षांच्या मुलाला एकदा तहानेबरोबर गोडी अपेक्षिण्याची सवय जडली, म्हणजे शाळेतल्या नळाचे स्वच्छ पाणी त्याला बेचव वाटू लागते. ही हानी कोणत्याही पोषणतक्त्यात छापलेली नसते, आणि मुलांच्या बाबतीत तीच मला सर्वांत मोठी वाटते. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असणाऱ्यांनी अस्पार्टेम वर्ज्यच मानावे. तशी सूचना बाटलीवर असते.

दातांचा विचार सहसा कोणी करीत नाही. चवीच्या पाण्यात आंबटपणासाठी ३३० या संकेतांकाचे सायट्रिक आम्ल बहुधा असते, आणि दाताचे कवच सामू साधारण ५.५ च्या खाली उतरला की झिजू लागते. साखर नाही म्हणून दात सुरक्षित, असे समजणाऱ्याने दिवसभर आंबट पाण्याचे घोट घेत बसणे म्हणजे दातांना अखंड आम्लस्नान घालणे होय. नुसता कर्बवायू असलेला सोडा पोटफुगी सोडल्यास विशेष अपायकारक नाही. अपाय करते ते चवीच्या पेयातले आम्ल आणि साखर. असे पेय प्यायचेच असेल तर जेवणाबरोबर, एका बैठकीत प्यावे, वर साधे पाणी घेऊन चूळ भरावी आणि लगेच दात घासू नयेत, कारण आम्लाने मऊ पडलेले कवच ब्रशाने अधिक निघते. घरच्या लिंबूपाण्यालाही हाच नियम लागू आहे.

जीवनसत्त्वे घातलेल्या, ‘इलेक्ट्रोलाइट’ म्हणून खपविल्या जाणाऱ्या पाण्याबाबत या औद्योगिक भागात विशेष स्पष्ट बोलणे इष्ट आहे. भट्टीजवळ किंवा बॉयलरच्या खात्यात काम करणाऱ्या मजुराच्या अंगातून घाम धो-धो वाहतो, आणि ठेकेदाराकडून वा टपरीवरून मिळालेली रंगीत बाटली त्याला औषधासारखी वाटते. त्याला खरी गरज असते ती दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर, म्हणजे सुमारे पाव लिटर, साध्या पाण्याची, आणि वेळेवर मिळालेल्या मीठ-भाकरीच्या जेवणाची. काही तास सतत घाम गाळावा लागत असेल तर मीठ घातलेले पातळ ताक हे त्याला बाटलीपेक्षा स्वस्त पडते आणि उपयोगही अधिक होतो. चक्कर, उलटी, बरळणे, घाम एकाएकी थांबून अंग तापणे अशी लक्षणे दिसल्यास कोणत्याही पेयाने काम भागविण्याचा प्रयत्न न करता रोग्याला सावलीत नेऊन अंग गार पाण्याने भिजवावे आणि तत्काळ रुग्णालय गाठावे.

अतिसाराच्या वेळी तर चवीच्या पाण्यावर मुळीच विसंबू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्राप्रमाणे एक लिटर जलसंजीवनीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. या प्रमाणातच तिचे सारे सामर्थ्य आहे, आणि बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामाच्या काळात, १९७१ साली, बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर असंख्य प्राण वाचविले. फळांच्या चवीचे, साखरेने भरलेले डबे ‘ओआरएस’ हे नाव मिरवीत कित्येक वर्षे औषधांच्या दुकानांत विकले जात होते, आणि काळजीत पडलेल्या आया ते तापल्या, जुलाब झालेल्या लेकरांना पाजीत होत्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने हुकूम काढून अशा पेयांवर ते नाव वापरण्यास मनाई केली, हे फार उशिरा झालेले पण अत्यंत योग्य कार्य होय. तेव्हा औषधाच्या दुकानात कागदी पुडी मागावी, वर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे याची खातरजमा करावी, आणि पुडीवर सांगितले असेल तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण विरघळवावी. पुडी मिळेपर्यंत एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा घालून काम चालवावे.

ज्यांना साध्या पाण्याचा खरोखरच कंटाळा येतो, आणि त्यामुळे जे दिवसाकाठी पुरेसे पाणी पीत नाहीत, त्यांच्यासाठी घरी सुवासिक केलेले पाणी हा उत्तम मार्ग आहे. वृद्धांच्या बाबतीत तर मी त्याची आग्रहाने शिफारस करीन, कारण उतारवयात तहानेची जाणीवच मंदावते. काकडीच्या चार चकत्या, पुदिन्याची किंवा तुळशीची पाने, आल्याचा तुकडा, भाजून ठेचलेले जिरे, यांपैकी एखादा जिन्नस एक लिटर पाण्याला पुरतो. अशा पाण्यातून जीवनसत्त्वांचा मोठा साठा मिळतो ही कल्पना मात्र सोडून द्यावी. फळे खाण्याची गोष्ट आहे, पाण्यात बुडविण्याने त्यांचा गुण पाण्यात फारसा उतरत नाही. चिरलेली फळे टाकलेले पाणी पालघरच्या उन्हाळ्यात उघड्यावर दोन तासांहून अधिक ठेवू नये. फ्रीजमध्ये ठेवल्यास त्याच दिवशी संपवावे, आणि उरलेल्या फोडींवर दुसऱ्या दिवशी नवे पाणी ओतण्याचा काटकसरीपणा करू नये. वाळा आणल्यावर मुळांतली माती जाईपर्यंत धुवावा, उकळत्या पाण्यातून काढावा, उन्हात वाळवावा आणि दोन-तीन दिवसांनी बदलावा. मोगरा घरच्या कुंडीतला असेल तर खुशाल वापरावा. विक्रमगड-जव्हारकडून बाजारात येणारी फुले देवाला आणि वेणीला उत्तम, पण शेतात फवारणी झाली असण्याचा संभव असल्याने पिण्याच्या पाण्यात नकोत. आणखी एक सावधगिरी अशी, की लिंबू, कोकम किंवा कैरी घातलेले पाणी तांब्याच्या अथवा कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात क्षणभरही ठेवू नये, कारण आंबटाने तांबे पाण्यात उतरते आणि मळमळ, पोटदुखी सुरू होते. स्टील, काच किंवा माती हीच त्याची भांडी.

आपल्या जिल्ह्याने दिलेली पेयेही याच कसोटीला लावावीत, आणि ती आपली आहेत म्हणून त्यांना सूट देऊ नये. केळवे-माहीम आणि डहाणूकडचे शहाळे उत्कृष्ट पेय आहे, परंतु त्यात पोटॅशियम मुबलक असल्याने मूत्रपिंडाच्या विकारात, विशेषतः डायलिसिस चालू असताना, वैद्याच्या परवानगीखेरीज ते घेऊ नये. नीरा ही सूर्योदयापूर्वी उतरविलेली, गार ठेवलेली आणि ताजी असेल तरच घ्यावी, कारण ऊन चढताच ती आंबू लागते. शिवाय शंभरात दहा-बारा भाग साखर तिच्यात उपजतच असते. खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०२० साली डहाणू भागातील २०० कारागिरांना नीरा आणि ताडगुळाच्या धंद्यासाठी हत्यारे दिली, त्या धंद्याची भरभराट व्हावी अशीच माझी इच्छा आहे. पण मधुमेह्याने नीरेचा पेला ओठाला लावण्यापूर्वी ही टक्केवारी आठवावी. बहाडोलीच्या जांभळाचे सरबत बाटलीत आले की त्यातले जांभूळ किती आणि साखर किती हे पुन्हा मागच्या बाजूसच पाहिले पाहिजे. जांभूळ मधुमेहाला चांगले या लौकिकावर साखरेचा पाक विकला जाणे अशक्य नाही. पन्ह्यातला गूळ हीही साखरच होय.

रक्तदाब असणाऱ्यांनी बाटलीवरील सोडियमचा आकडा आणि मसाला सोड्यातले काळे मीठ यांवर नजर ठेवावी. गरोदर स्त्रियांनी ज्या ‘एनर्जी’ पाण्यात कॅफीन आहे ते टाळावे. एक वर्षाखालील बालकाला कोणतेही चवीचे पाणी देऊ नये, आणि मध घातलेले तर कदापि नको.

विकतची बाटली घेतलीच, तर झाकणाची मोहोर अभंग आहे काय, चौदा अंकी परवाना क्रमांक छापलेला आहे काय, आणि मुदत उलटलेली नाही ना, हे दुकानातच पाहावे. दुकानाबाहेर रणरणत्या उन्हात रचलेल्या पेटीतली बाटली घेऊ नये, आणि रिकामी झालेली बाटली महिनोन्महिने मुलाच्या दप्तरात पाण्यासाठी वापरू नये. पाण्यात गढूळपणा, तरंगणारे कण किंवा बुरशीचा वास आढळल्यास ती बाटली फेकून न देता झाकण लावून, पावतीसह जपून ठेवावी आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कचेरीत लेखी तक्रार नोंदवावी. तक्रारीत उत्पादनाचा गट क्रमांक आणि खरेदीची तारीख लिहिण्यास विसरू नये, कारण त्यावाचून त्याच गटातल्या बाकीच्या बाटल्या कोठे गेल्या याचा तपास लागत नाही.